खोळीतली सतार

२१ सप्टेंबर २०१९, शनिवार. मिरजेहून सतार घेऊन सांगलीला घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. गावभागातल्या आमच्या घराच्या भिंती अजून छातीपर्यंत ओल्या होत्या, पोपडे सुटत होते. गाळ, रॉकेल आणि कुजलेलं धान्य यांचा मिळून झालेला तो पुराचा वास कितीही फिनेल ओतलं तरी हटत नव्हता. सतरंजी वाहून गेली होती. वर्तमानपत्रं पसरली, वर चादर टाकली आणि बसलो. ४ ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मधे अठ्ठेचाळीस दिवस गेले होते.

लावायलाच अर्धा तास गेला. तारा नव्या होत्या, सारख्या उतरत होत्या. मग थोडे पलटे, थोडी आलापी, बागेश्रीतली गत धरली, आणि मनात काही नसताना हात त्या तोड्यात शिरला. मार्चपासून ज्यानं माझी झोप घालवली होती तो तोडा, म्हणजे तालात बसवलेला एक बांधीव तुकडा. सोळा मात्रांच्या तीनतालात खालीवरून, म्हणजे नवव्या मात्रेवरून उठतो, चोवीस मात्रा चालतो आणि दमदार तिहाई (एकच तुकडा तीनदा, मधे विश्रांती) घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतो. मधे सां-नि-ध असे तीन सूर एकाच आघातात काढायची क्रिंतनाची जागा आहे. तिथं माझा डावा हात दरवेळी अडकायचा. पाव मात्रा मागं पडायचो आणि ती भरून काढायला तिहाईतली विश्रांती खायचो.

त्या संध्याकाळी हात अडकला नाही. समेवर आलो आणि आपण समेवर आलोय हे कळायला मला एक क्षण लागला. पुन्हा वाजवला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा वाजवायच्या आधी मी सतार खाली ठेवली, कारण बोटांची टोकं पेटली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. कशामुळं, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आता थोडंफार सांगता येतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. सतार उशिरा धरली, तिशी ओलांडल्यावर. उशिरा सुरुवात केलेल्या माणसाच्या मनात एक कर्ज असतं. लोक लहानपणी जे तास घालून बसले ते आपल्याला व्याजासकट फेडायचेत असं त्याला वाटत राहतं. त्या वर्षी विशारदच्या परीक्षेला बसायचं ठरवलं होतं. रोज पहाटे साडेचारला उठून साडेसातपर्यंत सलग बसायचो. रविवारी पाच तास. सुट्टी नाही, खाडा नाही. तापात वाजवलं. भाचीच्या लग्नाच्या दिवशी पहाटे, घरात सनईवाले यायच्या आधी वाजवलं.

आणि आपल्याकडं याला प्रतिष्ठा आहे. चिल्ला धरून चाळीस दिवस कोंडून घेतलेल्या उस्तादांच्या गोष्टी प्रत्येक शागिर्दानं ऐकलेल्या असतात. त्यात मिरज म्हणजे शेजारचं अंगण. १८७२ साली कुरुंदवाडात जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर फटाक्यानं दृष्टी अधू झाल्यावर मिरजेलाच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिकायला आले. पुढं १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले आणि इथंच ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. अशा गावाच्या सावलीत शिकताना रियाजाचे तास मोजायची सवय लागते. मीही वही ठेवली होती. तारीख, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो. पेढीच्या खतावणीसारखीच.

मार्चमध्ये तोडा मिळाला. एप्रिलमध्ये उजवं मनगट दुखायला लागलं. मे महिन्यात डाव्या अंगठ्याच्या मुळाशी सणक यायला लागली. जूनमध्ये तोडा एप्रिलपेक्षा वाईट वाजत होता. मी वेळ अर्ध्या तासानं वाढवला.

आमच्या बाई मिरजेत ब्राह्मणपुरीत राहतात. तेव्हा त्या पंच्याहत्तरीच्या पुढं होत्या. शिकवताना दर वीस मिनिटांनी सतार खाली ठेवायला लावायच्या. "ठेव. हात सोड. आता तोंडानं म्हण." मग हातानं टाळी-खाली दाखवत तोडा म्हणायचा, नंतर पाणी प्यायचं, खिडकीतून बाहेर बघायचं, आणि मग परत सतार. मला यात वेळ फुकट चालल्यासारखं वाटायचं. आठवड्यातून एक तास मिळतो, त्यातला पाव तास खिडकीबाहेर बघण्यात! एकदा मी न थांबता पुढं वाजवत राहिलो. त्यांनी तबल्याचं यंत्र बंद केलं आणि म्हणाल्या, "तिहाईला दम आहे, तुला नाही."

तेव्हा मला ते बोलणं लागलं. त्यात वादनाची सगळी शिकवण होती हे नंतर उमगलं. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं. दोन तुकड्यांच्या मधे जागा सोडली तर ती दमदार, सलग वाजवली तर बेदम. दमदार तिहाईत ती मोकळी जागा मोजलेली असते, ती वाजलेल्या मात्रांइतकीच तिहाईची असते. ती खाल्ली की सम चुकते. तीनतालातही नवव्या मात्रेवर खाली येते, डग्गा गप्प होतो आणि त्या गप्प होण्यातूनच ऐकणाऱ्याला कळतं की सम कुठून येणार आहे. राग शिकताना न्यासाचे स्वर आधी विचारतात, कुठं थांबता येतं ते. थांबण्याच्या जागा आपल्या संगीतानं इतक्या काळजीनं बांधल्या आहेत, आणि त्याच संगीताचा रियाज करताना मी श्वाससुद्धा घेत नव्हतो.

मग पूर आला.

सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक, सगळं पाण्याखाली. आम्ही ५ तारखेला अंगावरच्या कपड्यांनिशी विश्रामबागला मामांकडं गेलो. २००५ चं पाणी जिथवर आलं होतं तिथं भिंतीवर खूण होती, म्हणून सतार त्याच्या वर, माळ्यावर ठेवली. पाणी खुणेच्या वर गेलं. माळ्याला लागलं नाही, पण बंद घरात आठ-दहा दिवस त्या पाण्याच्या वाफेत राहून तिचा सांधा सुटला. खोळ उघडली तेव्हा तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, भोपळ्यापासून एका बाजूला उचलली होती. बोट आत जाईल एवढी फट. दोन पडदे गंजले होते, तरफांची, म्हणजे खालच्या अनुनादी तारांची, तर गोष्टच सोडा.

तोपर्यंत मी धरून ठेवलेलं सगळं त्या फटीपाशी सुटलं. घरात चिखल घोट्यापर्यंत होता, फ्रिज आडवा पडला होता, आईची कागदपत्रं लगदा झाली होती, आणि मी माळ्यावर बसून सतारीच्या फटीत बोट घालून रडत होतो. बायको खालून हाक मारत होती. तिनं वर येऊन बघितलं, काही बोलली नाही, खोळ माझ्या हातातून घेतली आणि वाळत घातली.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ज्या चाचांकडून सतार घेतली होती त्यांच्याकडंच नेली. ही घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरत गेले तसे एकोणिसाव्या शतकात ते हात तंतुवाद्यांकडं वळले आणि मिरजेची सतार, मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांनी फटीत बोट फिरवलं, भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला.

"किती दिवस लागतील चाचा? डिसेंबरात परीक्षा आहे."

"लाकडाला विचारा."

"म्हणजे?"

"पाणी प्यालंय ते. त्याच्या हिशेबानं सोडेल. आज सरस लावून दोरी आवळली तर बसेल, पण महिन्यानं परत उघडेल, आणि तेव्हा तुम्ही मला शिव्या द्याल."

गल्लीत त्यांच्या दुकानाच्या माडीवर भोपळे टांगलेले होते. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. वेलीवरून उतरवले तरी महिनोन् महिने सुकवल्याशिवाय त्यांना हात लावत नाहीत. दांडीचं तूनचं लाकूडही असंच मुरवत ठेवलेलं. दुकानात कामाचा आवाज चालू होता, कानस, रंधा, कुणीतरी जवारी काढत होतं. पण दुकानातला बहुतेक माल काहीच करत नव्हता. टांगलेला होता, टेकवलेला होता. त्याच्या मालकाला त्याची घाई नव्हती. मी कितीतरी वेळ ते बघत उभा राहिलो.

पुढच्या पाच-सहा आठवड्यांत वाजवायला काही नव्हतं. दुसरी सतार मागता आली असती. बाईंनीच "नको" म्हणून सांगितलं. फोनवर त्या म्हणाल्या, "घर आवर आधी. हात कुठं जात नाहीत."

दिवसभर गाळ काढायचा, भिंती खरवडायच्या, पंचनाम्याची वाट बघायची. संध्याकाळी विश्रामबागला मामांच्या गच्चीवर बसायचो. पहिल्या आठवड्यात अंग अक्षरशः तळमळायचं. पहाटे साडेचारला डोळे उघडायचे आणि करायला काही नसायचं. दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकायला लागलो. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या. झिंझोटीतली ठुमरी मी शंभर वेळा ऐकली असेल पूर्वी, पण नेहमी वाजवायच्या आधी किंवा नंतर, पुढं काय वाजवायचं याचा विचार करत. आता नुसती ऐकली. ते एका सुरावर येऊन विसावतात आणि त्याला सोडायची त्यांना जराही घाई होत नाही. तीन मिनिटं हातात असलेला माणूस हे करतो. माझ्याकडं पहाटेचे तीन तास असायचे आणि मी कुठल्याच सुरावर टेकत नव्हतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोडा आपोआप डोक्यात वाजायला लागला. गाळाचं घमेलं उचलून नेताना, पावलांच्या ठेक्यावर. आणि डोक्यातला तोडा अडकत नव्हता. त्याला अंगठा नव्हता, मनगट नव्हतं, परीक्षा नव्हती.

पुढच्या वर्षी लॉकडाउनमध्ये रिकामा वेळ मिळाला तेव्हा याबद्दल वाचलं. हाताची एखादी नवी हालचाल शिकताना मेंदू नेमका कधी शिकतो यावर अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोहेन यांच्या गटानं काम केलं आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग साधा आहे. पाच कळांचा एक क्रम डाव्या हातानं दहा सेकंद जमेल तितक्या वेगानं दाबायचा, मग दहा सेकंद थांबायचं, परत दहा सेकंद दाबायचं. सुरुवातीच्या फेऱ्यांत लोकांचा वेग भराभर वाढला. पण ती वाढ दाबण्याच्या दहा सेकंदांत होत नव्हती. थांबण्याच्या दहा सेकंदांत होत होती. लोक थांबायचे तेव्हापेक्षा पुन्हा सुरू करायचे तेव्हा जास्त वेगवान असायचे. २०२१ साली त्यांनी दाखवलं की त्या विश्रांतीत मेंदू तोच क्रम स्वतःशी पुन्हा पुन्हा चालवत असतो, प्रत्यक्ष हालचालीच्या सुमारे २० पट वेगानं. त्याआधी, २००२ साली, मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या अशाच एका क्रमावर पाहिलं होतं की रात्रीची झोप झाल्यावर, मधे काहीही सराव नसताना, वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. तितकाच वेळ जागं राहून काढला तर तशी वाढ दिसत नाही.

बाईंच्या खिडकीचा अर्थ मला हे वाचताना लागला. वीस मिनिटं वाजव, ठेव, बाहेर बघ. त्यांना हे त्यांच्या गुरूंनी दिलं होतं. त्या गुरूंना कुणी दिलं असेल ते बाईंनाही ठाऊक नाही.

आणखी एक. दहा हजार तासांचं जे गणित हल्ली जो तो ऐकवतो, त्याचं मूळ १९९३ च्या अँडर्स एरिक्सन यांच्या अभ्यासात आहे. तो बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेला. त्याच अभ्यासात हेही नोंदलेलं आहे, की सरस विद्यार्थी एका बैठकीत साधारण तास-दीड तासापेक्षा जास्त बसत नव्हते, मधे विश्रांती घेत होते आणि इतरांपेक्षा दुपारची झोप जास्त काढत होते. तासांचा आकडा सगळीकडं पोचला. दुपारची झोप मागंच राहिली. मला याचा मनापासून राग येतो, कारण त्या आकड्यापायी मनगटं घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

पण हे प्रयोग सेकंदांचे आहेत, रात्रींचे आहेत. माझी गोष्ट अठ्ठेचाळीस दिवसांची. तिचं कारण मला माझ्या बोटांनी दाखवलं.

सतार वाजवणाऱ्याच्या डाव्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर घट्टे पडतात. तारेच्या खोबणी दिसतात त्यात. त्या अठ्ठेचाळीस दिवसांत माझे घट्टे जवळजवळ गेले. गाळ उपसताना तळहाताला नवे घट्टे पडले, पण बोटांची टोकं मऊ झाली. २१ सप्टेंबरला तारेवर बोट ठेवलं तेव्हा सुरी टेकवल्यासारखं झालं. म्हणून मी हलकं धरलं. सूर निघायला लागतं तेवढंच दाबलं, तसूभर जास्त नाही. आणि बोट हलकं झालं तसा दांडीमागचा अंगठाही सैल राहिला. क्रिंतनाची ती जागा मार्चपासून अडत होती ती अंगठ्यामुळं. वेग वाढवायचा म्हटलं की मी दांडी आवळायचो, आवळलेल्या हाताला झेप घेता येत नव्हती. रोज तीन तास मी तो तोडा घोटत होतो आणि त्याच्याबरोबर ते आवळणंही घोटत होतो. दोन्ही सारखीच पक्की झाली. सूर कानात होते, डोक्यात होते, ते राहिले. आवळण्याची सवय मात्र फक्त हातात होती. हात दुसऱ्या कामाला लागला तशी ती उतरली.

एप्रिलमध्ये आठ दिवस सतार खोळीत घातली असती तर कदाचित एवढ्यावर आलंच नसतं. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

त्या अठ्ठेचाळीस दिवसांनी घेतलंही पुष्कळ. झाला, म्हणजे शेवटचं जलद वादन, पार उतरला होता. चिकारीच्या, म्हणजे ठेक्याच्या बाजूच्या तारांवरचा हात दोन मिनिटांत भरून यायचा. मींड ओढताना म वरून प गाठायला जो जोर लागतो तो नव्हता, सूर खालीच राहायचा, आणि कान शाबूत असल्यामुळं तो खाली राहिलेला सूर जिव्हारी लागायचा. दम परत यायला नोव्हेंबर उजाडला. परीक्षेचा नाद मी त्या वर्षापुरता सोडला. ज्यांनी मागं काही घडवलेलंच नाही त्यांना सुट्टी काय देणार, हेही खरं. पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, हळद टाकली तर वर्षभरानं हळदच निघते. हरिपूरच्या शेतकऱ्याला कुणी हे सांगावं लागत नाही. रिकामं पेव बुजवून ठेवलं तर वर्षभरानं रिकामंच उघडतं.

सतार दाखवायला बाईंकडं गेलो तेव्हा त्यांनी आधी भोपळ्यावरून हात फिरवला, सांधा पाहिला. मग तोडा वाजवायला सांगितला. वाजवला. तिहाईच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या मधली ती जागा आली, मी थांबलो, पूर्ण थांबलो, आणि त्या मोकळ्या मात्रेत बाईंचा श्वास मला ऐकू आला. समेवर त्यांनी मांडीवर थाप दिली. "चहा घे," म्हणाल्या. बस्स. चहा झाल्यावर त्यांनी रियाजाची वही मागितली. तासांचे रकाने बघितले. पेन घेऊन पुढच्या कोऱ्या पानावर एक रकाना आखला आणि त्यावर लिहिलं, 'ठेवली'. किती वेळ ठेवली तेही लिहायचं.

ती वही अजून चालू आहे. आता पहाटे दीड तास बसतो, तीन बैठकींत. मधल्या वेळात अंगणात जातो, तुळशीला पाणी घालतो, तोंडानं बोल म्हणतो, कधी काहीच म्हणत नाही. नवी जागा बसवायची असेल तर रात्री जेवणानंतर पंधराच मिनिटं हळू वाजवतो आणि झोपतो. सकाळी ती कशी निघते हे बघण्याची एक वेगळीच ओढ असते. आणि वर्षातून दोनदा, एकदा श्रावणात आणि एकदा परीक्षांचा हंगाम संपल्यावर, तारा अर्ध्या उतरवून सतार आठ दिवस खोळीत ठेवतो. जुलै २०२१ ला पाणी परत आलं तेव्हा ती अशीच खोळीत होती. दोन दिवस आधीच उचलून विश्रामबागला नेली. मामींनी दुसऱ्या संध्याकाळी विचारलं, "आता आणलीच आहेस तर वाजव की रे." मी त्यांना बागेश्री गाऊन दाखवला, सतार खोळीतून काढली नाही.

माझ्याकडं आता आठवीतली एक मुलगी शिकायला येते, शेजारच्या गल्लीतली. तिची स्पर्धा दिवाळीनंतर आहे आणि ती रोज किती तास बसते हे मला फार अभिमानानं सांगते. गेल्या शनिवारी बसल्या बसल्या ती मनगट चोळत होती. मी तिला थांबवलं, सतार खाली ठेवायला लावली, तोडा तोंडानं म्हणवून घेतला आणि खिडकीशी पाठवलं. बाहेर बघण्यासारखं काही नाही, समोर एक पडका वाडा आहे आणि त्याच्या भिंतीवर दोन पुरांच्या दोन खुणा आहेत. ती कंटाळून माझ्याकडं वळली.

"किती वेळ बघू, काका?"

"पाणी पिऊन होईपर्यंत."

तिनं तांब्या भरून आणला. एक घोट घेतला आणि खिडकीत उभी राहिली.

माझी सतार सध्या कोपऱ्यात आहे, खोळीत. मालकंसातली एक गमक महिनाभर अडली आहे. आज सहावा दिवस. काल रात्री भांडी घासताना ती डोक्यात एकदा सरळ वाजून गेली. परवा खोळ उघडेन.